एका कानाचा बँड

३ मार्च, मंगळवार

दुकान विकायचं — ठरलं! समोरच्या मोबाईल कव्हरवाल्याला सांगूनही आले. एप्रिलअखेर पक्कं करू म्हणाला. घरी यांना सांगितलं. स्कूलबसची किल्ली खिळ्याला अडकवत नुसतंच "हूं." वीस वर्षांच्या संसारात त्या "हूं"चे सात अर्थ मला पाठ झालेत. हा होता, 'तुला योग्य वाटेल ते कर, पण मला पटलेलं नाही.'

न पटू दे. शिलाई मशीन दुरुस्त करायचं म्हणजे आधी ऐकायचं. बाबा तर मशीन उघडायचेच नाहीत. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "चालवा." डोळे मिटून ऐकायचे, मग स्क्रूड्रायव्हर नेमका दुखऱ्या जागी. मी त्यांच्याकडून तेच शिकले, त्याच स्टुलावर बसून. आणि नोव्हेंबरात एका सकाळी उठले तर डावा कान बंद! ठणका नाही, सर्दी नाही. दिवा विझावा तसा. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं कधी कधी. कारण सापडत नाही. उजवा जपा." गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. कान काही परतला नाही.

लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. माझी ती सोयच गेली. सगळं आत साठतं.

६ मार्च, शुक्रवार

हाक कुठून आली ते कळत नाही. आज भिंगरी — म्हणजे आमची कन्या, सतरा वर्षांची, डान्स क्लास लावल्यापासून पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून हे नाव — मागून "आई, आई" करत होती आणि मी कपाटाकडे बघून "काय गं?" म्हणाले. ती हसली. मग एकदम हसायची थांबली. ते थांबणं जास्त लागलं.

नंतर समजूत काढायला म्हणून तिने तिचं नवं गाणं हेडफोनवर ऐकवलं. गाणारी डाव्या बाजूला असावी बहुतेक. मला नुसतीच मागची धडधड. "मस्त आहे!" म्हटलं. खोटं.

१० मार्च, मंगळवार

आज एक वेगळंच गिऱ्हाईक. ऐंशीच्या पुढचे, बारीक, कडक इस्त्रीचा शर्ट. काउंटरवर एक वही ठेवली, पेन्सिल ठेवली, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाही. अजिबात नाही. जे काय विचारायचं ते इथे लिहायचं."

मग पिशवीतून पेटी काढली. चावीचा ग्रामोफोन! "किल्ली देत होतो. आत धाडकन काहीतरी झालं. म्हणजे — हाताला कळलं."

मी लिहिलं, इथे शिलाई मशीन दुरुस्त होतात. ते म्हणाले, "वाचता येतं मला. पाटी वाचूनच आलोय. ग्रामोफोनवाला आता या जगात कोणी उरला नाही. यातही चाकं आहेत, स्प्रिंग आहे, तेल लागतं. घाबरतेस कशाला?"

पुढचा प्रश्न लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच थांबले. बहिऱ्या माणसाला ग्रामोफोन कशाला हवा, हे कसं लिहायचं? त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कळलं काय विचारायचंय ते. आधी दुरुस्त कर."

१२ मार्च, गुरुवार

स्प्रिंग तुटली होती. जिथे ती आकड्याला अडकते तिथेच, टोकाला. स्प्रिंगची डबी उघडताना हातात जाड मोजे घातले. ही उसळली तर बोट घेऊन जाईल. टोक तापवून मऊ केलं, नवीन भोक पाडलं, जुनं घट्ट झालेलं ग्रीस खरवडून काढलं. वेग सांभाळायला आत तीन चिमुकले गोळे फिरतात — जोरात फिरले की फाकतात आणि चाकाला आवरतात. किती साधं! किती हुशारीचं! ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं. दुपारचं जेवण विसरले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

१४ मार्च, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवते.

ते आले. पेटी पाहिली, हात फिरवला. पिशवीतून एक रेकॉर्ड काढली — जड, काळी, निळ्या लेबलावरची अक्षरं पुसलेली. "लाव." मी नवी सुई घातली, किल्ली दिली, सुई टेकवली. आधी नुसती खरखर. आणि मग एकदम — सगळे! ट्रम्पेट, खालून ट्यूबाची ढेकर, मध्ये बँजोची कातरी, कुणीतरी लाकडावर टकटक करतोय, सगळे एकाच दारातून ढकलाढकली करत आत आले! (वाद्यांची नावं नंतर त्यांनीच सांगितली.) मी सवयीने उजवा कान पेटीकडे नेला. आणि जाणवलं की कोणीच बाहेर राहिलं नाहीये. काहीच निम्मं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा आख्खं काहीतरी ऐकलं.

रडले. गिऱ्हाइकासमोर! लाज वाटली, पण थांबता येईना.

ते माझ्याकडेच बघत होते. "डावा ना? मघाशी मान वळवलीस तेव्हाच कळलं." मग स्टुलावर बसून सांगत राहिले. त्या काळी रेकॉर्ड करायला मायक्रोफोन नव्हता, एकच मोठा भोंगा असायचा. सगळा बँड त्या भोंग्यासमोर दाटीवाटीने उभा. ट्रम्पेटवाल्याला मागे ढकलायचे, भिंतीला टेकेपर्यंत, नाहीतर बाकीच्यांना खाऊन टाकायचा. मोठा ढोल नाहीच, त्याच्या दणक्याने कोरणारी सुई उडायची — म्हणून ढोलवाला लाकडी ठोकळ्यावर. नंतर मायक्रोफोन आला, पण तोही एकच. "भोंगा एक, म्हणजे कान एक. हे सगळे लोक एका कानासाठी वाजवत होते, पोरी. तुझं काहीही गेलेलं नाही."

तुझं काहीही गेलेलं नाही! असं कोणी म्हटलं नव्हतं मला. डॉक्टरीणबाईसुद्धा "उजवा जपा" एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी नऊ वर्षं एका डान्स हॉलमध्ये लोकांचे कोट सांभाळायचं काम. कोटांची खोली स्टेजच्या मागे. बँड रोज भिंतीतून ऐकला, एकदाही पाहिला नाही. पुढे वजनमापांच्या कचेरीत लागले, पण पगार झाला की जुन्या बाजारात जाऊन रेकॉर्डी शोधायचे. कान अकरा वर्षांपूर्वी गेले, हळूहळू, मग पूर्ण. "सगळ्या मला पाठ आहेत. पण आपण एकट्यानेच आठवत बसलं की गोष्ट शिळी होते. कोणीतरी आत्ता, ताजं ऐकलेलं मला सांगायला हवं. घरी कोणाला गोडी नाही. तू सांगशील?"

पेटी दुकानातच ठेवून गेले. दर शनिवारी एक रेकॉर्ड आणायची, आधीची न्यायची, आणि मी काय ऐकलं ते वहीत लिहून द्यायचं.

मी मनात त्यांना कोटकाका म्हणायला लागलेय.

२१ मार्च, शनिवार

फजिती! मी लिहून दिलं, 'फार छान आहे. ठेका मस्त. ऐकून प्रसन्न वाटलं.' काकांनी वाचलं. चष्मा काढला. "छान तर मी गिऱ्हाइकाच्या फाटक्या कोटालाही म्हणायचो. त्याशिवाय बक्षिसी मिळायची नाही. छान म्हणजे काय? कोण, कुठे, काय करतो?"

पेनाने अख्ख्या पानावर काट मारली, रेकॉर्डही नेली नाही. शाळेत बाईंनीही कधी असं केलं नव्हतं.

२५ मार्च, बुधवार

जेवणानंतर, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तीच रेकॉर्ड सहा वेळा. दर वेळी सुई बदलून. सहाव्यांदा कळलं की क्लॅरिनेटवाला ट्रम्पेटच्या ओळीभोवती नुसता घिरट्या घालतो, तिच्यावर बसत कधीच नाही. लबाड!

२८ मार्च, शनिवार

आज लिहून दिलं ते इथेही उतरवते, कारण काका दोनदा वाचून हसले:

'ट्रम्पेटवाला घरचा कर्ता. बोलतो थोडं, पण त्याच्याशिवाय पान हलत नाही. क्लॅरिनेट म्हणजे माहेरी आलेली धाकटी मुलगी, सगळ्या खोल्यांतून धावते. ट्रॉम्बोन म्हणजे जेवून आडवे झालेले काका, मधूनच हुंकार देतात. दुसऱ्यांदा चाल येते तेव्हा तिघे एकाच वेळी बोलतात आणि तरी एकमेकांचं ऐकतात. आमच्या घरी हे कधीच जमत नाही.'

"आता कशी!" म्हणाले. "पण पुढच्याला सगळेच ऐकतात. मागे कोण आहे ते सांग. कोटांच्या खोलीतून मला मागचाच आधी ऐकू यायचा."

४ एप्रिल, शनिवार

या वेळची नाचाची रेकॉर्ड, मायक्रोफोनच्या काळातली. गुळगुळीत. तीन सॅक्सोफोन एका श्वासात वाजतात, जणू एकाच माणसाला तीन गळे. गाणारा कानाशी येऊन सांगतो — ओरडत नाही, आळवत नाही, शेजारी बसून बोलल्यासारखं. आणि गाणं फक्त एवढंसं! दीड मिनिट बँड, मग तो येतो, चार ओळी गातो, टोपी काढून निघून जातो. पुन्हा येत नाही. काय ही अदब! हल्लीचे गाणारे पहिल्यापासून शेवटपर्यंत हटत नाहीत.

आणि सगळं तीन मिनिटांत. रेकॉर्डवर तेवढीच जागा. वेळ थोडा, म्हणून वायफळ एक सूर नाही. मला तीन मिनिटांत धड चहासुद्धा होत नाही.

मागचा माणूस सापडला! ढोलवाला. काठ्यांऐवजी ब्रश फिरवतो. केर काढल्यासारखा सूं-सूं आवाज. तो थांबतो ना एके ठिकाणी, दोन ठोके — सगळा बँड हवेत! मग पुन्हा जमिनीवर. झोपाळा वर जाऊन क्षणभर थबकतो तसा.

काकांना हे लिहून दिलं. त्यांनी पेटीच्या लाकडावर पंजा ठेवला, मला पुन्हा लावायला सांगितलं, आणि बरोब्बर त्या जागी बोट उचललं. डोळे मिटलेले. मी पेटीकडे न बघता त्यांच्या बोटाकडेच बघत होते.

१० एप्रिल, शुक्रवार

हे आज बस लवकर सोडून दुकानात. "बघू तरी तुझा बँड." ऐकलं. पाय हलत होता. "हूं." हा आठवा — नवीन आहे!

१७ एप्रिल, शुक्रवार

ब्लाउज शिवणारी एक बाई पायमशीन घेऊन आली. टकटक वाजतं म्हणे. दोन ठिकाणी दाखवून झालेलं. एकाने शटल बदललं, दुसऱ्याने सुईचा दांडा. टकटक तशीच. "तुमच्या वडिलांचं नाव ऐकून आले," म्हणाली. सांगणार होते, बाई, मी आता नाही करत.

पण म्हटलं, "चालवा."

डोळे मिटले. उजवा कान. आधी आवाजांचा नुसता लगदा. मग म्हटलं, पुढच्याला सोड, मागे कोण आहे? टाके पुढे, एका लयीत. त्याखाली पायाने हलवायचा पायटा. आणि त्याच्याही मागे हा टकटकवाला — टाक्यांच्या तालात नाहीच मुळी! आपला आपण, सावकाश, आठ-दहा टाक्यांनी एकदा. मग मशीनमधला नाही. पट्ट्यातला!

पट्टा जिथे तारेने जोडतात ती तार वर आली होती. चाकावरून जाताना दर फेऱ्याला टक्. पकडीने तार दाबली. संपलं. दीड मिनिट. बाई माझ्याकडे बघतच राहिली. "उघडलंसुद्धा नाही!"

नाही उघडलं. बाबा, ऐकताय ना?

१८ एप्रिल, शनिवार

काकांना सगळं लिहून दिलं. त्यांनी टेबलावर जोरात थाप मारली — स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे किती जोरात ते त्यांना कळत नाही. चहाचा कप सांडला.

३० एप्रिल, गुरुवार

कव्हरवाल्याला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, नंतर पस्तावाल." म्हटलं, पस्तावले तर सांगायला येईन, समोरच आहे.

यांना सांगितलं. "हूं" नाही केलं. गेले आणि दुकानाच्या पाटीला रंग लावायला डबा घेऊन आले. तोंडाने काही बोलतील तर शपथ.

९ मे, शनिवार

भिंगरीला दुकानात पाहुण्यांसारखं बोलवावं लागतं, पण आज आली. काका होते. एक वेगवान फॉक्सट्रॉट, म्हणजे जोडीने नाचायची चाल, लावली होती. ती आधी मोबाईलमध्ये, मग मान हलायला लागली, मग उठलीच! शिलाई मशीनांच्या मधल्या त्या दोन हात जागेत! काका तिच्या पायांकडे टक लावून. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या वळणाला ट्रॉम्बोन आला तेव्हा तू मागे सरकलीस. बरोबर?"

भिंगरीचा आ वासलेला. "आई, यांना ऐकू येतं?"

"येत नाही गं. तुझ्या पायांत दिसलं."

नऊ वर्षं नाचणाऱ्यांचे नुसते कोट पाहिले, नाच आज पाहिला — असंही म्हणाले. हसत म्हणाले. भिंगरी घरापर्यंत तीच चाल गुणगुणत आली. मग म्हणाली, "हे वाजवणारे सगळे गेले असतील ना आता?" असतीलच. तरी सुई टेकवली की धावत येतात, एकही उशीर करत नाही.

२३ मे, शनिवार

काकांची लेक आली होती त्यांच्याबरोबर. नर्स आहे, थकलेली, प्रेमळ. बाजूला घेऊन सांगितलं, बाबांचं ऑपरेशन ठरलंय. कानामागे आत एक मशीन बसवतात, बाहेरून एक तुकडा चिकटतो, त्याने पुन्हा ऐकू येतं. दोन वर्षं नाही म्हणत होते. आता कबूल झाले. "माझी मुलगी नऊ वर्षांची. आजोबांनी तिचा आवाजच ऐकलेला नाही. तुम्ही त्यांना बोलतं केलंत, म्हणून तयार झाले."

आनंद झाला. खरंच झाला. काकांचे दोन्ही हात धरले. आणि घरी येताना एका चौकात कारण नसताना थांबले. म्हणजे आता माझी वही लागणार नाही.

किती कोत्या मनाची आहे मी!

६ जून, शनिवार

ऑपरेशन नीट झालं. लेकीचा निरोप.

४ जुलै, शनिवार

आज मशीन सुरू केलं. लेक फोनवर रडत, हसत. पहिल्या दिवशी सगळे बदकासारखे बोलतायत म्हणाले म्हणे! होईल हळूहळू.

मी आज एकटीनेच पेटी उघडली. सॅक्सोफोनवाली, ऑपरेशनआधी काकांनी तीच पुन्हा आणून ठेवली होती. ढोलवाला तसाच थांबतो, दोन ठोके. सांगायला कोणी नाही, तर ऐकतानाही घाई झाली.

२२ जुलै, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. उजवा ठणठणीत. "काय करता हल्ली?" म्हणाल्या, "बऱ्या दिसताय." म्हटलं, बँड ऐकते. त्यांना वाटलं लग्नाचा!

१ ऑगस्ट, शनिवार

काकांच्या घरी गेले, माझ्याकडे असलेली शेवटची रेकॉर्ड परत द्यायला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एका भिंतीला खालपासून वरपर्यंत रेकॉर्डी, खाकी पाकिटांत, पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरातले आकडे.

नात त्यांच्या मांडीला टेकून पाढे म्हणत होती. ती चुकली आणि काका म्हणाले, "सात सख बेचाळीस!" ऐकून म्हणाले! ओठ न बघता! लेकीने माझा दंड घट्ट धरला. मी हळूच म्हटलं, "काका," आणि ते वळले. "तुझा आवाज असा आहे होय? मला वाटलं होतं जाड असेल." सगळे हसलो. त्या पोरीला त्यांनी माझ्यासमोर चार वेळा "पुन्हा म्हण" सांगितलं. काही विशेष वाक्य नाही, "आजोबा, पाणी देऊ का" एवढंच. चारही वेळा तोंड असं, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

रेकॉर्ड भिंतीत तिच्या जागी ठेवली. पेटी आणून देते म्हटलं. "असू दे," म्हणाले, आणि विषय बदलला. बँडबद्दल एक अक्षर नाही. आता दुसऱ्या कशावर तरी स्वतःच ऐकत असतील, मला कशाला सांगतील? बरोबरच आहे.

जिना उतरताना मात्र स्वतःला बजावत राहिले. चांगल्या गोष्टीचं दुःख करू नये. करू नये.

८ ऑगस्ट, शनिवार

दुकान उघडायच्या आधीच काका पायरीवर, हातात वही. "माणसं मिळाली, बँड नाही मिळाला," म्हणाले. लेकीच्या मोबाईलवर लावून पाहिला, तर कानातल्या या मशीनमधून बँड म्हणजे पत्र्याच्या डब्यात चमचे हलवल्यासारखा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं — बोलणं येईल, संगीत बहुतेक नाही. "नातीसाठी हो म्हटलं. महागात नाही पडलं." मग कानामागचा तुकडा काढून खिशात ठेवला आणि पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. काळीभोर, ओरखडासुद्धा नाही.

"ही मला पाठ नाही. बहिरा झाल्यावर घेतली, कधी वाजलीच नाही. तू सांगशील तीच ही."

किल्ली दिली. सुई टेकवली. मग वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिल धरली.